बिल रिचमंड: सुतार, मुष्टियोद्धा, वस्ताद

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुष्टियुद्धाच्या इतिहासावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख मी दोनदा वाचला, संध्याकाळी पोरांनाही वाचून दाखवला. त्यात बिल रिचमंड एका वाक्यात येऊन जातो: १८०५ मध्ये टॉम क्रिबकडून, म्हणजे पुढे इंग्लंडचा विजेता झालेल्या मुष्टियोद्ध्याकडून, हरलेला काळा मुष्टियोद्धा. हे खरं आहे. पण एवढ्यावर त्याला सोडून दिलेलं मला बघवलं नाही. आयुष्यभर मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं आणि संध्याकाळी मैदानावर बॉक्सिंग. त्यामुळे हा माणूस मला आमच्यातलाच वाटतो.

न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर १७६३ मध्ये तो गुलामगिरीत जन्मला. मालक एक पाद्री होता. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना ह्यू पर्सी या इंग्रज सेनाधिकाऱ्याची नजर या मुलावर पडली आणि १७७७ मध्ये पर्सीनं त्याला इंग्लंडला धाडलं. यॉर्कशरमध्ये त्याला शाळेत घातलं, नंतर यॉर्कमध्ये कपाटं-मेजं घडवणाऱ्या सुताराकडे उमेदवारीला ठेवलं. नेथन हेल या अमेरिकन हेराला १७७६ मध्ये फाशी दिली, त्या वेळचा जल्लाद म्हणून याच रिचमंडचं नाव वर्षानुवर्षं छापलं गेलं. तेव्हा हा तेरा वर्षांचा पोर होता! जल्लाद त्याच आडनावाचा दुसराच माणूस. मेलेल्या माणसाच्या माथी असा डाग राहू नये, म्हणून मुद्दाम लिहितोय.

उमेदवारीची ती वर्षं मला फार मोलाची वाटतात. त्याचं घडणं तिथंच झालं असं मी मानतो. रंधा मारताना पोरगं नुसत्या हातानं जोर लावतं, तेव्हा लाकूड उचकटतं. डावा पाय पुढे, वजन मागच्या पायावरून पुढच्यावर आणि ताकद कमरेतून, हे जमायला महिने जातात. ठोसाही असाच मारायचा असतो. रिचमंडचं नाव झालं ते अंगातल्या ताकदीमुळे कमी आणि पायांमुळे जास्त. समोरच्याचा वार चुकवून बाजूला सरकायचं आणि तिथूनच मारायचं, ही त्याची रीत. तेव्हा हातमोजे नसत. उघड्या मुठींची लढाई, आणि माणूस खाली पडला की फेरी संपली. अशा खेळात अंग वाचवून लढणाऱ्याला अक्कलच लागते.

यॉर्कमध्ये त्याच्या रंगावरून शिव्या देणारे भेटले. गोऱ्या बाईबरोबर दिसला म्हणूनही त्याला बोल लावले गेले. त्यातल्या काहींना त्यानं मुठींनी उत्तर दिलं. लंडनमध्ये व्यावसायिक लढतीला तो उभा राहिला १८०४ मध्ये, वयाच्या चाळिशीत, आणि जॉर्ज मॅडॉक्सकडून हरला. पुढच्या वर्षी क्रिबशी गाठ पडली तेव्हा क्रिब चोवीस वर्षांचा होता आणि हा बेचाळीसचा. आपल्या लेखात ही वयं असती, तर त्या पराभवाकडे वाचकानं वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं. मॅडॉक्सला त्यानं १८०९ मध्ये हरवलं. पन्नाशी उलटल्यावर, १८१५ मध्ये, टॉम शेल्टन या कितीतरी तरुण गड्यालाही हरवलं.

आणि तो शिकवत होता. लेस्टर स्क्वेअरजवळ त्यानं 'हॉर्स अँड डॉल्फिन' नावाची मद्यशाळा चालवली. अमेरिकेतून आलेला टॉम मॉलिनो हा तरुण काळा मुष्टियोद्धा तिथं त्याच्याकडे आला. रिचमंडनं त्याला हाताशी धरून तयार केलं आणि थेट क्रिबसमोर उभं केलं. १८ डिसेंबर १८१० ची ती लढत मॉलिनोच्या बाजूनं झुकली असताना गर्दी रिंगणात घुसली, वाद झाला, आणि शेवटी मॉलिनो हरला. पुढच्या वर्षी थिसलटन गॅप या ठिकाणी तो क्रिबकडून पुन्हा हरला आणि पुढे गुरू-शिष्याची फारकत झाली. ज्यानं पोरं घडवली आहेत त्याला विचारा, स्वतःची हार सोसते, पण शिष्याची हार आणि मग त्याचं निघून जाणं सोसत नाही. रिचमंडनं त्यानंतरही शिकवणं सोडलं नाही. निबंधकार विल्यम हॅझलिट त्याचा शागीर्द होता. १८२१ मध्ये चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकाला बंदोबस्तासाठी मुष्टियोद्धे उभे केले होते, त्यांतही रिचमंड होता. गुलाम म्हणून जन्मलेला माणूस वेस्टमिन्स्टरमध्ये राजाच्या सोहळ्यात!

ज्या क्रिबमुळे आपल्या लेखात त्याला एक वाक्य मिळालं, तोच पुढे त्याचा जवळचा मित्र झाला होता. २८ डिसेंबर १८२९ ला रिचमंड गेला. त्याआधीची संध्याकाळ त्यानं क्रिबच्याच मद्यशाळेत गप्पा मारत घालवली होती. लंडनच्या पँटन स्ट्रीटवर त्या जागी २०१५ मध्ये रिचमंडच्या नावाचा फलक बसवला. त्याला मूठमाती दिली ती दफनभूमी मात्र युस्टन स्टेशनला लागून होती. नव्या रेल्वेमार्गासाठी ती अलीकडेच उकरली गेली.

एक विनंती. रॉबर्ट डायटन या चित्रकारानं १८१० मध्ये छापलेलं रिचमंडचं चित्र उपलब्ध आहे. मुठी आवळून, पवित्रा घेऊन तो उभा आहे. पुरवणीत कुठेतरी, अगदी कोपऱ्यात का होईना, ते छापा. कात्रण मी माझ्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवणार आहे. पोरं पटाशी घ्यायला पेटी उघडतात तेव्हा त्यांना तो दिसेल.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, सातारा