काळ्या मेंदीची पाकिटं मी आणणार नाही

फ्रँकफर्ट

प्रिय वैदेही,

तुझी यादी मिळाली. भाजणी, गोडा मसाला, आगळ, सगळं पुण्याहून आणते. काळ्या मेंदीची पाकिटं मात्र आणणार नाही. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

मागच्या वेळी केस रंगवल्यावर दुसऱ्या दिवशी कानामागे खाज सुटली, पापण्या सुजल्या, असं तू फोनवर सहज सांगून गेलीस. ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. अगं, मेंदीच्या पानाचा रंग केशरी-तांबडा. नुसत्या मेंदीने केस काळे होतच नाहीत. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीत बहुधा पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमिन हे केस काळे करणारं रसायन असतं. त्याची ॲलर्जी लगेच दिसत नाही. डोकं धुऊन आपण निर्धास्त होतो आणि एक-दोन दिवसांनी कपाळाची कड, कान, मान खाजायला लागते. पापण्यांची कातडी पातळ, म्हणून सूज तिथे चटकन दिसते. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते आणि पुढच्या वेळी त्रास आणखी वाढू शकतो. म्हणून मला भीती वाटते.

तू म्हणशील, मग इथलाच कलप घेते. पण इथल्या कलपांतही पीपीडी असू शकतं. युरोपीय संघाच्या नियमाने डोक्याला लागणाऱ्या मिश्रणात ते २ टक्क्यांच्या वर चालत नाही, एवढंच. ज्याला ॲलर्जी आहे त्याला तेवढंही पुरतं. खोक्यावर ‘अमोनिया नाही’ असं लिहिलं असलं तरी भुलू नकोस, पीपीडीचा अमोनियाशी संबंध नाही. मागची बारीक अक्षरं वाच. टोल्युइन-२,५-डायअमिन हे तसंच दुसरं रसायन दिसलं तर तेही नको; पीपीडी न सोसणाऱ्या पुष्कळांना तेही सोसत नाही.

रंगवण्याच्या ४८ तास आधी थोडा कलप कातडीवर लावून बघायचा, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. तू मात्र घरी हा प्रयोग करूच नकोस. तुला आधीच त्रास झालाय, त्यामुळे तपासणी त्वचारोगतज्ज्ञाकडेच व्हायला हवी. इथे तिला एपिक्युटान टेस्ट म्हणतात. पाठीवर औषधांच्या छोट्या पट्ट्या लावतात, त्या साधारण दोन दिवस ठेवतात, तोवर पाठ भिजवायची नाही. मग काढून बघतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. जाताना जुनं पाकीट बरोबर ने. काही गडद कपड्यांचे रंग, बधिर करायची काही मलमंही अशा लोकांना बाधतात, तेही तेव्हाच विचारून घे.

डॉक्टर हो म्हणाले तर शुद्ध मेंदी आणि नीळ हा मार्ग आहे. आधी मेंदी, ती धुतली की नीळपानांची पूड. पांढऱ्या केसांवर नुसती मेंदी भडक केशरी दिसते, मला नाही आवडत. निळीने छान गडद तपकिरी ते काळी छटा येते. घटकांत लॉसोनिया इनर्मिस (मेंदी) आणि इंडिगोफेरा टिंक्टोरिया (नीळ) एवढंच हवं. सोडियम पिक्रामेट हा रासायनिक रंग किंवा आणखी काही दिसलं की पाकीट परत ठेव. आणि तोवर भावाच्या लग्नात तुझे चार पांढरे केस दिसले तर दिसू देत गं.

सानूलाही जप. सुट्टीत मायोर्काला समुद्रकिनाऱ्यावर काळ्या मेंदीचे टॅटू काढून देणारे भेटतील. त्यातही पीपीडी असू शकतं, तेही थेट कातडीवर, आणि कितीही प्रमाणात. फोड येतात, शिवाय पोरीला पुढे कधीच कलप लावता येणार नाही असं होऊ शकतं. इथल्या कलपांच्या खोक्यांवर १६ वर्षांखालच्यांसाठी नाही असं लिहितात, ते उगाच नव्हे.

कधी चेहरा सुजू लागला, श्वास अडकतोय असं वाटलं, तर माझ्या फोनची वाट बघू नकोस, सरळ ११२ लाव.

सोमवारी सकाळीच डॉक्टरांची वेळ माग. जर्मनमध्ये बोलताना अडलीस तर मला जोडून घे, मी फोनवर थांबते.

तुझी,
शमा