पटकथा-वाचन उपक्रमासाठी आवाहन (कृपया शेवटपर्यंत वाचावे)

स.न.वि.वि.

आधी म्हशीची गोष्ट सांगतो, पैशाचं नंतर.

गडहिंग्लजच्या आपल्या सभासदानं दोन वर्षांपूर्वी पहिली पटकथा पाठवली ती १६८ पानांची. पानामागे मिनिट हा ढोबळ हिशेब धरला तरी सिनेमा पावणेतीन तासांच्या वर. आणि ज्या म्हशीपायी सगळं रामायण घडतं ती हरवायची ७१व्या पानावर! तिघांनी पटकथा वाचली, तिघांनाही लेखकाचं नाव ठाऊक नव्हतं. शेरे तीन तऱ्हेचे आले, पण बोट सगळ्यांनी एकाच जागी ठेवलं. म्हैस आधी हरवा. गडी आठ दिवस रुसला. "ह्यास्नी गावाकडची माणसं कळत न्हाईत," असा मला फोनही आला. आता सहाव्या खर्ड्यात म्हैस १२व्या पानावर हरवते आणि पटकथा १०९ पानांत आटोपते. मागच्या रविवारी ऑनलाइन वाचनात, म्हातारी रिकामं दावं हातात धरून गोठ्यात बसते तो सीन आला, तेव्हा स्क्रीनवरच्या एकवीस चौकोनांत कुणी हललं नाही.

आपलं मंडळ हे काम करतं. दुसऱ्यांच्या दोन पटकथा मनापासून वाचून शेरे लिहायचे, मग आपली एक पुढे करायची. दोन वाचक बरोबरीचे, तिसरा जाणता मार्गदर्शक. आधी 'मला काय दिसलं' ते लिहायचं, 'काय बसलं नाही' ते त्यानंतर. 'छान, आवडलं' एवढाच शेरा आला तर तो परत पाठवला जातो. फी नाही.

कोल्हापूरला हे नवं नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णींना बरोबर घेऊन १९२९ साली इथंच प्रभात काढली. १९३२ मध्ये मराठी बोलपट बोलला तोही इथं. पुढं १९३३ ला प्रभात पुण्याला गेली आणि आज त्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे. (रोप आमचं, सावली पुण्याला. असो.) तेव्हा शिकणाऱ्याला निदान स्टुडिओच्या दारात उभं राहता यायचं. आज चंदगडच्या पोरानं कुणाच्या दारात उभं राहायचं? रात्रीच्या गाडीनं मुंबई, निर्मात्याला वीस मिनिटांत गोष्ट ऐकवायची (नॅरेशन), "कळवतो", की परत रात्रीची गाडी. २०२० च्या टाळेबंदीत आपला रविवारचा कट्टा वाचनालयाच्या खोलीतून ऑनलाइन गेला, तो या पोरापोरींसाठीच तिथं राहिला. आता बेळगाव, गारगोटी, सावंतवाडी, पेडण्याहून माणसं येतात. एक ताई मस्कतहून, ड्यूटी संपवून बसतात.

हे फुकटात झालेलं नाही. राजारामपुरीच्या काकूंच्या यजमानांनी उभी हयात थिएटरच्या ऑपरेटर-केबिनमध्ये काढली. त्यांच्या वर्षश्राद्धाला काकूंनी जेवणावळ घातली नाही, ती रक्कम पाकिटात घालून आणून दिली. पाकिटावर फक्त 'सिनेमासाठी' असं लिहिलेलं. ऑनलाइन बैठकांची पहिल्या वर्षाची वर्गणी त्यातून भरली. ते पाकीट अजून दप्तरात आहे. शाहूपुरीतल्या छापखानावाल्या मामांनी तीन वर्षं एक पैसा न घेता पटकथांच्या प्रती काढून दिल्या, कारण आपल्या सरांच्या मते मोबाइलवर पटकथा वाचणं म्हणजे कुलपाच्या भोकातून वरात बघणं. मामांनी आता वयोमानानं छापखाना बंद केला आहे. कागलच्या निवृत्त बाईंची देणगी तर पैशात मोजताच येणार नाही. एका शहरी वाचकानं 'काय करायलाईस' या संवादाखाली लाल रेघ ओढून 'व्याकरण तपासा' असं लिहिलं होतं. बाईंनी त्याला दीड पानी पत्र पाठवलं. तेच वाक्य सासू सुनेला कशी म्हणेल, दोस्त दोस्ताला कसा म्हणेल, सरपंच फौजदाराला कसा म्हणेल, सगळं उलगडून. तेव्हापासून बोलीभाषेवरचा कुठलाही शेरा बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय लेखकाकडे जात नाही. त्या वाचकानंही माफी मागितली आणि आज तो आपला सर्वांत नेमाचा वाचक आहे.

आता थोडं मनातलं. मागच्या दिवाळीत हेच आवाहन ग्रुपवर टाकलं होतं. ब्लू टिक भरपूर दिसल्या, जोडलेले हात आले, देणग्या आल्या सात. आपल्याकडे चार खर्डे घासून घेतलेल्या एका पटकथेचा सिनेमा मध्यंतरी लागला. आम्ही सगळे तिकीट काढून गेलो. श्रेयनामावलीत चहावाल्याचं नाव आहे, बैलांच्या मालकाचं आहे, ते असायलाच हवं. मंडळाचं नाही. सर शेवटची ओळ वर सरकेपर्यंत बसून राहिले आणि दिवे लागल्यावर म्हणाले, "इंटरव्हलपर्यंत चांगला बांधलाय." इंटरव्हलपर्यंतच आपण वाचला होता.

यंदा १४ पटकथा रांगेत आहेत आणि मार्गदर्शक पाच. एक पटकथा दोनदा वाचणं, शेरे लिहिणं, लेखकाशी तासभर बोलणं यात त्यांचे दोन-तीन दिवस जातात. आजवर आपण शाल-नारळावर भागवलं, याची चिटणीस म्हणून मला लाज वाटते. शिवाय वर्गणी संपल्यामुळे सध्या फुकटातली बैठक ४० मिनिटांनी तुटते. परवा वाचनात पटकथेतली पोरगी नेमकी विहिरीच्या काठावर उभी असताना तुटली. सगळे पुन्हा जोडले जाईपर्यंत मस्कतच्या ताई फोन करून विचारत होत्या, "उडी मारली का हो तिनं?"

मानधन, वर्गणी, छपाई, टपाल मिळून वर्षाला ९०,००० रुपये लागतात. हाती २१,५०० आहेत. महिनाअखेरीपर्यंत जमलं नाही तर पुढची तुकडी घेता येणार नाही, हे कार्यकारिणीत ठरलं आहे.

तपशील : देणगी रु. ५०० पासून पुढे कितीही, रु. ४,००० मध्ये एका पटकथेचं मानधन निघतं. चेक मंडळाच्या नावे, क्यूआर कोड ग्रुपवर पिन केला आहे, रोख रक्कम खजिनदारांकडे संध्याकाळी ६ नंतर (सोमवार सोडून). आयकरातली ८०जीची सवलत नाही, आधीच सांगतो. पैसे जमत नसतील तर महिन्याला एक पटकथा वाचा, तीही देणगीच. पटकथा पाठवणाऱ्यांनी आधी ती मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे किंवा कॉपीराइट कार्यालयात नोंदवावी. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, लिहिलेल्याला असतो, त्यामुळे 'वनलाइन (एका ओळीत गोष्ट) ऐकवतो' चालणार नाही. फाइल युनिकोडमध्येच, जुन्या फॉन्टमधली आमच्याकडे नुसती ठिपके-चौकोन होऊन उघडते. आत कुठेही लेखकाचं नाव नको.

कळावे,
आपला,
चिटणीस

ता. क. विहिरीवरचा सीन येत्या रविवारी ५ वाजता पहिल्यापासून वाचायचा आहे. माइक बंद ठेवून बसा, मागच्या वेळी कुणाच्या तरी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.