भाडेकरूंचे कुत्रे: घरमालकांसाठी सूचना

सभासदहो,
परवा बी विंगच्या जिन्यात भाडेकरूचा कुत्रा शेजारच्या काकूंच्या पोटरीला चावला. दुधाची पिशवी पायरीवरच फुटली. घरमालक फोनवर म्हणाले, "माझा काय संबंध?"

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे आधी भाडेकरूवर येतं. पण कुत्रा चावरा आहे हे ठाऊक असून गप्प बसलात, तर भरपाईच्या दाव्यात तुम्हालाही ओढलं जाऊ शकतं.

येत्या रविवारी संध्याकाळी ७ वाजता सोसायटी ऑफिसात या. सोबत आणा:
- लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत
- कुत्र्याचा महापालिका परवाना, रेबीज लसीचं कार्ड

कुत्रा पाळायला बंदी नाही, सोसायटीला ती घालताही येत नाही. जिन्यात आणि लिफ्टमध्ये पट्टा मात्र हातात हवा.

– सचिव