हिरवा दिवा: दूरसंचार मंत्र्यांना एका मुलीचे खुले पत्र

प्रति,
माननीय दूरसंचार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: घरी ठेवलेल्या वैद्यकीय यंत्रांना नेटवर्क मिळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी इंदूरची. आमच्या चार पिढ्या रामबागेत गेल्या. बाबा शाळेतून निवृत्त झाल्यावर ते आणि आई मात्र सिमरोळच्या पुढे, भेरू घाट उतरून चोरलच्या अंगाला घेतलेल्या दोन एकरांवर राहायला गेले. आई ७१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिला पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं छोटं यंत्र, बसवला. गेल्या महिन्याच्या ९ तारखेला पहाटे तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात उचलत नाही. मला हाक मारायला जाते आणि तोंडून मावशीचं नाव निघतं, मग तिचं तिलाच कळतं आणि ती भिंतीकडे तोंड करते. हे रोज पाहते आहे, म्हणून लिहायला बसले.

आईच्या पेसमेकरबरोबर एक पांढरी पेटी मिळाली, जेवणाच्या डब्याएवढी. ती पलंगाशेजारी ठेवून प्लगला लावायची. पेशंट झोपला की पेटी त्याच्या छातीतल्या यंत्राशी बिनतारी बोलते, दिवसभरात ठोके कसे पडले ते गोळा करते आणि आतल्या सिमवरून दवाखान्याकडे पाठवते. काही बिघडलं असेल तर डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी कळतं. माहिती गेली की पेटीवर हिरवा दिवा लागतो, नाही गेली तर पिवळा लुकलुकत राहतो.

बाबांनी पहिल्या दिवसापासून वही ठेवली. हाडाचे मास्तर, पट्टीने रकाने आखलेले: तारीख, वेळ, दिव्याचा रंग. ती वही आता माझ्यासमोर आहे. पानंच्या पानं ‘पिवळा, पिवळा, पिवळा’. मध्येच एखादा ‘हिरवा’, त्याखाली बाबांनी लाल शाईने रेघ ओढलेली. झटका आला त्याच्या आधीच्या ११ दिवसांत एकही लाल रेघ नाही.

दवाखान्यात पेसमेकर मशीन लावून वाचला तेव्हा त्या ११ दिवसांतलं सगळं आत नोंदलेलं निघालं. हृदयाचे वरचे कप्पे तासन्‌तास नुसते थरथरत होते. अशा वेळी तिथे रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. पक्षाघाताचा धोका त्याने पाचपट वाढतो, असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर कळलं असतं तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू केल्या असत्या. मी विचारलं, मग झटका टळला असता का? ते प्रामाणिक माणूस आहेत. म्हणाले, “खात्री कोणीच देणार नाही, पण संधी मिळाली असती.” मंत्रिमहोदय, माझ्या आईच्या छातीतल्या यंत्राला ११ दिवस ठाऊक होतं. तिच्या उशाशी असलेल्या पेटीलाही ठाऊक होतं. आम्हाला तेवढं कळलं नाही, कारण त्या खोलीत रेंज येत नाही.

तक्रार केली नाही असं समजू नका. गेल्या दिवाळीच्या आधी बाबांनी मोबाईल कंपनीला लिहिलं. एक माणूस आला, फोन हातात धरून अंगणात फिरला आणि म्हणाला, “अंकलजी, तीन महीने में टॉवर खड़ा हो जाएगा, लिखके ले लो.” बाबांनी खरंच वहीत लिहून घेतलं, त्याची सहीही घेतली. तीन महिने गेले, सहा गेले. मग मी सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. २३ व्या दिवशी मेसेज आला: आपल्या गावात कव्हरेज उपलब्ध आहे, तक्रार निकाली. पाहायला कोणीही आलं नाही. बाबांना एक फोनसुद्धा नाही.

हे ‘कव्हरेज उपलब्ध’ म्हणजे काय, ते मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. २०२४ मध्ये संसदेत आकडा दिला गेला की देशातल्या ६ लाख ४४ हजार गावांपैकी सुमारे ६ लाख २२ हजार गावांत मोबाईल पोचला. त्या मोठ्या आकड्यात आमचं गाव आहे. गावाच्या वेशीवर, पिंपळाच्या पारावर फोनवर सिग्नलच्या दोन दांड्या येतात, तेवढ्यावर अख्खं गाव मोजलं गेलं. पाराहून घराकडे निघालं की ओढ्याच्या उतारावर त्या दांड्या जातात. आणि वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो, पाराजवळसुद्धा काही उरत नाही. माझी आई पारावर झोपत नाही, ती घरात, तिच्या पलंगावर झोपते. दगडी भिंतीच्या आत, पलंगापाशी, रात्री दोन वाजता सिग्नल किती, हे तुमच्या कोणत्या नकाशात आहे?

पैसे नाहीत म्हणावं तर तसंही नाही. गावोगाव दूरसंचार पोचावा म्हणून २००२ पासून निधी आहे, त्याचंच नाव आता डिजिटल भारत निधी. कंपन्या आपल्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा त्यात भरतात आणि तो शेवटी आमच्याच रिचार्जमधून जातो. जुलै २०२२ मध्ये २४,६८० गावांत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी मंजूर झाले. ज्या गावांना काहीच नाही त्यांना आधी मिळावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यांच्या नावापुढे एकदा खूण झाली त्यांच्याकडे कोणीच बघायचं नाही, हा कुठला न्याय?

त्याहून संताप येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. आमच्या पेटीतलं सिम सीलबंद आहे, एकाच कंपनीचं. आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दुसऱ्या कंपनीची रेंज आहे! क्षीण, पण ठोक्यांची नोंद जाण्यापुरती आहे. पेटीला ती घेता येत नाही, कारण ते सिम दुसऱ्याच्या टॉवरवर चालत नाही. चक्रीवादळ आलं की तुमचं खातं एका आदेशात ही भिंत काढतं, कोणत्याही कंपनीचा फोन कोणत्याही टॉवरवर चालतो. १७ जानेवारी २०२५ ला तुमच्याच खात्याने निधीतून उभारलेल्या सुमारे २७ हजार टॉवरवर हीच सोय जाहीर केली. म्हणजे तंत्र आहे, हुकूमही काढता येतो. यंत्रांत बसणाऱ्या सिमना १३ आकडी वेगळे नंबर द्यायचे, हेही २०१८ मध्ये तुमच्याच खात्याने ठरवलं, त्यामुळे हे सिम माणसाच्या फोनचं नाही, यंत्राचं आहे, हे कळतं. मग वैद्यकीय यंत्रांच्या सिमना बारा महिने, सगळ्या टॉवरवर मोकळीक द्यायला काय अडतं? पेशंटच्या घरी वादळ रोज असतं.

लोकांनी सांगितलं, सिग्नल वाढवणारा बूस्टर लावा, बाजारात मिळतो. मी विकत घ्यायला निघालेही होते. मग कळलं की परवानगीशिवाय तो लावणं गुन्हा आहे, १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून, आणि त्याने शेजारच्यांचे फोन बिघडू शकतात. बाबांनी चाळीस वर्षं मुलांना नियम पाळायला शिकवलं, ते म्हणाले, आपण नाही लावायचा. मग डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीनेच पेशंटच्या घरी रीतसर छोटा रिपीटर, म्हणजे परवानगीचा बूस्टर, बसवून द्यावा, एवढा नियम करा. वाय-फायही सुचवून झालं. फायबर पंचायतीच्या खोलीपर्यंत आलंय, तिथून आमच्या घरापर्यंतचा दीड किलोमीटर कोणी ओढला नाही.

आणि कृपा करून “आईला शहरात आणा” असं सांगू नका. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, लिफ्ट नाही. शिवाय तिने का यावं? तिने लावलेली लिंबं आता धरू लागलीत.

१ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी आलं. छप्पन दुकानसमोर उभं राहून आम्ही इंदूरकर अख्खा सिनेमा मिनिटांत उतरवून घेतो, आणि तिथून तास-सव्वा तासावर एका म्हातारीच्या हृदयाचा निरोप जात नाही. रेशनसाठी अंगठा, पेन्शनसाठी हयातीचा दाखला, दवाखान्याचा नंबर, सगळं तुम्ही लोकांनी ऑनलाइन केलं. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका, रेंज नसल्याने रेशनच्या मशीनवर अंगठा उमटेना म्हणून, दुकानदारासकट पारापर्यंत चालत जातात. आधी कचेरीतली खिडकी बंद करायची आणि मग मोबाईलवर या म्हणायचं, पण मोबाईल चालतो का हे कोणी बघायचं नाही. टॉवर कुठे उभा करायचा ते गिऱ्हाईक किती त्यावर ठरतं. आजारी किती, एकटे राहणारे म्हातारे किती, हे कोणी विचारतच नाही. यंत्र विकणाऱ्यानेही आम्हाला विचारलं नाही की तुमच्या घरी रेंज आहे का. पेशंटला घरी सोडण्याआधी, त्याच्या पलंगापाशी सिग्नल तपासल्याशिवाय असं यंत्र देऊच नये, हे आरोग्य खात्याला तुम्ही सांगा. मी सांगून कोण ऐकणार?

सध्या आम्ही काय करतो ते लिहिते. दर रविवारी भाऊ आणि मी आईला उचलून गाडीत बसवतो. झटक्याआधी ती स्वतः बसायची, आता दोघं लागतात. घाट चढून सिमरोळला जातो. तिथे एक चहावाला आहे, तो मागच्या खोलीतली खाट मोकळी करतो, फ्रिजचा प्लग काढून आमची पेटी लावू देतो, पैसे घेत नाही. आई खाटेवर पडते, बाबा पेटी तिच्या खांद्याशी धरून बसतात. पिवळा लुकलुकतो, वीस मिनिटं, कधी चाळीस. हिरवा झाला की बाबा खिशातून वही काढतात.

सोमवार ते शनिवार तिच्या हृदयात काय चाललंय, ते आम्हाला ठाऊक नसतं.

टॉवर, रिपीटर किंवा सिमची मोकळीक, यांतलं काय आणि कोणत्या तारखेपर्यंत होणार, ते मला लेखी कळवा.

आपली,
एका पेशंटची मुलगी
रामबाग, इंदूर