सुवर्णपदकानंतरची अठरा वर्षे

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

कृष्णेला पाणी वाढल्यावर सांगलीच्या आयर्विन पुलाच्या कठड्यावरून उड्या टाकणाऱ्या मुलांचे छायाचित्र आपण नुकतेच पहिल्या पानावर छापलेत आणि या हुल्लडबाजीला कायमचा आळा घालावा, अशी अपेक्षा त्याखाली व्यक्त केलीत. पुरापुरते मी आपल्याशी सहमत आहे. पुराच्या पाण्यातून ओंडके, पत्रे, मेलेली जनावरे वाहत येतात, आणि १० मीटर उंचीवरून पडणारे शरीर पाण्याला भिडते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. त्या वेगाने ओंडक्यावर आदळणाऱ्याला पट्टीचा पोहणारा असण्याचा काही उपयोग होत नाही. तरीही छायाचित्रातील डावीकडून दुसऱ्या मुलाकडे मी भिंग घेऊन पुन्हा पुन्हा पाहिले. बाकीचे मुटका मारून पडत आहेत. हा एकटा सूर मारतो आहे, घोटे जुळलेले आहेत आणि चवडे ताणलेले आहेत. हे त्याला कोणी शिकवले असेल असे वाटत नाही, कारण शिकवणारा माणूस आणि सूर मारायला शिकण्याची लाकडी किंवा धातूची फळी या दोन्ही गोष्टी त्याच्या आसपास नाहीत. त्या का नाहीत, याविषयी लिहायचे आहे, आणि त्यासाठी एका परक्या देशातील बाईंची हकिगत सांगावी लागणार आहे.

त्या बाई म्हणजे डायव्हिंगच्या, म्हणजे उंचावरून पाण्यात सूर मारण्याच्या, खेळातल्या मिकी किंग. त्यांचा जन्म १९४४ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात पाँटिअॅक येथे झाला. मिशिगन विद्यापीठात डिक किंबल या प्रशिक्षकांच्या हाताखाली त्या तयार झाल्या आणि पदवीनंतर १९६६ मध्ये हवाई दलात दाखल झाल्या. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ३ मीटर उंचीच्या स्प्रिंगबोर्डच्या (लवचिक फळीच्या) स्पर्धेत दोन उड्या शिल्लक असताना त्या आघाडीवर होत्या. नववी उडी उलट्या दीड गिरकीची होती. या प्रकारात खेळाडू पाण्याकडे तोंड करून उडतो आणि शरीर मात्र फळीच्या दिशेने फिरवतो, त्यामुळे झेप थोडी जरी आखूड पडली तरी फळी लागण्याचा धोका असतो. नेमके तेच झाले. हात फळीवर आपटला आणि हाड मोडले. त्याच अवस्थेत त्यांनी दहावी उडी मारली. सुवर्णपदक त्यांच्याच देशाच्या सू गॉसिक यांना मिळाले आणि किंग चौथ्या आल्या. चार वर्षांनी, १९७२ मध्ये, म्युनिकला त्याच ३ मीटरच्या फळीवर त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी रौप्यपदक मिळवणाऱ्या स्वीडनच्या उल्रिका क्नापे यांनी त्याच ऑलिंपिकमध्ये १० मीटर उंचीच्या, न लवणाऱ्या मंचावरचे सुवर्ण नेले, यावरून स्पर्धा किती अवघड होती ते कळावे.

मोडलेल्या हाताची गोष्ट मुलांना सांगायला चांगली आहे आणि मीही ती नोकरीच्या काळात अनेकदा सांगितली आहे. परंतु मला आज अधिक महत्त्वाची वाटते ती म्युनिकनंतरची अठरा वर्षे. १९७३ मध्ये किंग हवाई दलाच्या अकादमीत डायव्हिंगच्या प्रशिक्षक झाल्या. अकादमीत त्या वेळी एकही कॅडेट मुलगी नव्हती, मुलींना प्रवेश मिळाला तो १९७६ मध्ये. म्हणजे त्यांना शिकवायचे होते ते लष्करी शिस्तीतल्या तरुण मुलांना, आणि शिकवणाऱ्या बाईला ‘मॅडम’ म्हणण्याची सवय त्या इमारतीला नव्हती. त्यांच्या शिष्याने महाविद्यालयीन स्पर्धांतील राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. टेनिसपटू बिली जीन किंग यांनी १९७४ मध्ये स्थापन केलेल्या महिला क्रीडा प्रतिष्ठानाच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांतही त्या होत्या (दोघींचे आडनाव एक, नाते काही नाही). अशी उमेदवारी केल्यावर १९९० मध्ये त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय डायव्हिंग संघटनेच्या अध्यक्ष झाल्या आणि १९९४पर्यंत त्या पदावर राहिल्या. दरम्यान १९९२ मध्ये कर्नल म्हणून निवृत्त होऊन केंटकी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात त्यांनी प्रशासनाचे काम हाती घेतले.

येथे एक कायदेशीर बाब सांगायला हवी. अमेरिकेत १९७८ साली हौशी क्रीडा कायदा झाला आणि राष्ट्रीय क्रीडा संघटनांच्या मंडळांवर किमान २० टक्के प्रतिनिधित्व खेळत असलेल्या किंवा गेल्या १० वर्षांत खेळलेल्या खेळाडूंना देणे बंधनकारक झाले. किंग यांची शेवटची ऑलिंपिक उडी १९७२ची. त्यामुळे १९९० मध्ये त्या अध्यक्षपदापर्यंत आल्या त्या खेळाडूंच्या राखीव वाट्यातून आल्या नव्हत्या. फळीवर, प्रशिक्षकाच्या शिट्टीमागे, लष्करी कार्यालयाच्या फायलींत आणि मंडळांच्या कंटाळवाण्या बैठकांत घालवलेल्या वर्षांनी त्यांना तेथे पोहोचवले. आपल्याकडे २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला, कार्यकारिणीत किमान चार महिला आणि किमान दोन उत्तम कामगिरीचे खेळाडू असावेत असे त्यात म्हटले आहे, आणि त्याचे मी मनापासून स्वागत करतो. पण एखाद्या विजेत्याला पदक मिळाले म्हणून खुर्चीवर नेऊन बसवले आणि अंदाजपत्रक, निवड समिती, तलावाच्या दुरुस्तीची निविदा यांतले काहीच त्याला शिकू दिले नाही, तर तो खेळाडू केवळ हार घालून घेण्यापुरता उरेल. राष्ट्रीय पातळीवरच्या या तरतुदी जिल्ह्याच्या दारापर्यंत कधी आणि कशा पोहोचतील, हा प्रश्न तर आणखी वेगळा आहे.

अनुभवाचा एक प्रसंग सांगतो, त्यात कोणाचे नाव घेण्याची गरज नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेत पोहण्याच्या शर्यतींबरोबर स्प्रिंगबोर्डच्या उड्याही ठेवल्या होत्या. तलावाला गळती होती आणि पाणी हातभर उतरलेले दिसत होते. ३ मीटरच्या फळीखाली जवळपास ४ मीटर पाणी लागते. म्हणून मी दोरीला दगड बांधून खोली मोजावी, असे सुचवले. व्यासपीठावरचे पदाधिकारी हसून म्हणाले, “पाणी दिसतंय की एवढं, मास्तर, आणि काय मोजायचं?” तिसऱ्या मुलाचे कपाळ तळाला घासले आणि त्याला टाके पडले. सुदैवाने मान वाचली. पुढच्या आठवड्यात त्याच पदाधिकाऱ्यांनी फळी काढून टाकण्याचा ठराव मांडला, तो एकमताने मंजूर झाला, आणि ती फळी नंतर कितीतरी वर्षे तलावाच्या भिंतीला टेकून उभी होती. आधी पाणी न मोजता परवानगी देणारे आणि नंतर पाणी न भरता बंदी घालणारे गृहस्थ एकच होते. त्यांचा हेतू वाईट होता असे मी आजही म्हणणार नाही. त्यांना खेळ ठाऊक नव्हता, इतकेच.

ज्याने फळीवरून उड्या मारल्या आहेत त्याच्या नजरेला काही गोष्टी न सांगता दिसतात. फळीखालचे चाक पुढेमागे सरकवून तिचा ताठपणा कमीजास्त करता येतो आणि ते चाक गंजले तर फळी असूनही नसल्यासारखी होते. तलावाचे पाणी अगदी निवळशंख आणि स्थिर असले तर वरून पृष्ठभाग कोठे आहे हे कळत नाही, म्हणून मोठ्या स्पर्धांत पाण्यावर मुद्दाम फवारा सोडतात. मी हे एकदा सांगितले तेव्हा समोरच्या सदस्यांना ती पाण्याची उधळपट्टी वाटली होती. फळीवर आपटलेला हात ज्या बाईंनी स्वतः बांधून घेतला, त्यांना हे समजावून सांगावे लागले नसते.

सूर मारणे ही काही आपल्याला परकी विद्या नाही. दिल्लीत १९५१ साली झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत के. पी. ठक्कर यांनी ३ मीटर स्प्रिंगबोर्ड आणि १० मीटर मंच अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली होती. त्यानंतर त्या स्पर्धेत डायव्हिंगचे सुवर्ण भारताला मिळालेले नाही. सांगलीत तर पाठीला डबा बांधून सरकारी घाटावर पोहायला शिकलेल्या पिढ्या आहेत, आणि माई घाटाच्या पायऱ्यांवरून उलटा सूर मारणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी कोणी एखाद्या क्रीडा समितीवर बसल्याचे मला आठवत नाही.

पुलावरची बंदी पुराच्या दिवसांत जरूर असावी. आयर्विन पुलाजवळ पाण्याने ४० फुटांची इशारा पातळी गाठण्याची वाट न पाहता कठड्यावर पोलीस उभे करावेत. मात्र आपल्या वार्ताहरांकडून एका कामाची अपेक्षा आहे. जिल्ह्यातील कोणत्या तलावांत फळी आहे, तिच्याखाली किती पाणी आहे, आणि जलतरणाशी संबंधित समित्यांवरील किती सदस्य कधीकाळी स्पर्धेत पाण्यात उतरले होते, याची साधी पाहणी करून ती त्याच पहिल्या पानावर छापावी. खोली मोजायला दोरी आणि दगड मी घेऊन येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
गावभाग, सांगली