स्टेपनी द्यायची की नाही, एवढं तरी विचारा : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी घाटंजी तालुक्यातला कास्तकार. दीड वर्षापूर्वी इलेक्ट्रिक कार घेतली. चार्जिंगचं रडगाणं गात नाही, रात्री घरीच लावतो, सकाळी गाडी तयार. माझं म्हणणं स्टेपनीचं आहे, कारण माझ्या गाडीत ती आलीच नाही.

जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम बदलले. टायर ट्यूबलेस असतील, हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा असेल आणि पंक्चरचं किट दिलं असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती उरली नाही. मोठ्या बॅटरीला जागा मिळावी, हेही त्यामागचं एक कारण. किट म्हणजे चिकट द्रवाची बाटली आणि हवा भरायचा छोटा पंप. टायर जिथं जमिनीला टेकतो तिथं खिळा घुसला, तर लहान भोक त्यानं बुजतं. टायर बगलेत फाटला तर बुजत नाही.

आणि आमच्याकडे तो बगलेतच फाटतो. रस्ता एकेरी, समोरून कापसाची ट्रॉली. साइड द्यायला दोन चाकं खाली उतरवावीच लागतात आणि डांबराची कड चार बोटं उंच, विळ्यासारखी. गेल्या जानेवारीत दिवेलागणीला तेच झालं. बाटली भरली, तर सगळा पांढरा द्रव फटीतून माझ्याच चपलेवर. जवळच्या गावातला पंक्चरवाला आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "जॅक कोठी लावू भाऊ? खाली तं सारी बॅटरीच हाय. करंट तं नाही मारत?"

करंट मारत नाही, पण त्याचं बिचकणं बरोबरच होतं. जॅक भलत्या जागी लागला तर बॅटरीची पेटी दबते. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढावी, तर तेही नाही. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते, म्हणून गाडी चारही चाकांसकट ट्रकवर चढवूनच न्यायची. तो ट्रक नागपूरहून पहाटे आला. तोवर एका अनोळखी घरी पिठलं-भाकर खाऊन निजलो.

आता पदरच्या पैशानं स्टेपनी घेतली. अर्धी डिक्की तिनंच खाल्ली, बियाण्याच्या बॅगा मागच्या सीटवर. सोबत जॅक, पाना आणि सागाची फळी, कारण आमच्या काळ्या मातीत नुसता जॅक रुतत जातो. हवा सकाळी, गाडी हलायच्या आधी तपासतो. किटच्या बाटलीलाही मुदत असते, हे विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं.

राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आली. छान झालं. पण समृद्धीवर चढायच्या आधी आम्हाला ही डांबराची कड लागते.

नियम रद्द करा, असं म्हणत नाही. शहरात किटवर भागत असेल. पण गाडी विकताना किट हवं की स्टेपनी, हे गिऱ्हाइकाला विचारणं बंधनकारक करा. जॅक लावायच्या जागा गाडीवरच ठळक रंगानं दाखवा. पुस्तिकेतलं चित्र पंक्चरवाल्याला कुठून दिसणार? तालुक्याच्या आयटीआयमध्ये या लोकांना दोन दिवस बोलवून इलेक्ट्रिक गाडी खालून दाखवली, तरी पुष्कळ होईल. आमच्या त्या पंक्चरवाल्याचं नाव मी आजच लिहून देतो.

आपला,
एक कास्तकार
ता. घाटंजी, जि. यवतमाळ