सूप पातळ झालं तर ज्वारीचं पीठ लावा

महोदय,

आपल्या पाककृतीच्या पानावर सूप आलं की कॉर्नफ्लोअर ठरलेलं. खान्देशात घरोघरी ज्वारीच्या पिठाचा डबा भरलेला असताना ती पुडी आणायची कशाला?

४ वाट्या सुपाला एक मोठा चमचा पीठ पुरतं. मात्र ते आधी गार पाण्यात कालवायचं. पिठातला स्टार्च साधारण ६० ते ७० अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगतो. कोरडं पीठ उकळत्या सुपात टाकलं, तर वरचा थर लगेच चिकटतो, आत पीठ कोरडंच राहतं, गुठळ्या होतात. नंतर मंद आचेवर ५-७ मिनिटं शिजू द्यावं, नाहीतर कच्चट लागतं. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावं. आंबट घालून उकळत ठेवलं की सूप पुन्हा पातळ होतं.

कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं पीठ असेल तर उत्तमच, उडदामुळे चवही येते. पालकाच्या सुपाला मला शिजवून घोटलेली मूगडाळच आवडते. आजारी माणसाच्या पोटात तेवढंच काही जातं.

पुढच्या पाककृतींत ही पिठंही सुचवावीत, ही विनंती.

एक गृहिणी, अमळनेर